दोन टोल्यांचा हिशोब

मराठी बायबल वाचलेल्यांना 'टोली' हे नाणं ठाऊक असतं. बाकीच्यांनी तो शब्द बहुधा ऐकलेलाही नसतो. यरुशलेमच्या मंदिरात श्रीमंत लोक भांडारात भरभरून पैसे टाकत असतात. तेवढ्यात एक गरीब विधवा येते, दोन टोल्या टाकते आणि निघून जाते. येशू शिष्यांना सांगतो की सगळ्यांपेक्षा जास्त हिनं टाकलं, कारण बाकीच्यांनी उरल्यातलं दिलं, हिनं पोटातलं काढून दिलं. इंग्रजी बायबलात या नाण्याला 'माइट' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या चर्चच्या बायकांनी घरात फळीवर एक छोटा डबा ठेवायला सुरुवात केली, म्हणून त्याला 'माइट बॉक्स' हे नाव पडलं. आठवड्याची चिल्लर त्यात पडायची आणि साठली की समुद्रापार जायची.

या नावात एक अदलाबदल लपली आहे. मूळ गोष्टीतली विधवा देणारी आहे. तिला कुणी काही दिल्याचा उल्लेखही त्या गोष्टीत नाही. अमेरिकन डब्याच्या गोष्टीत मात्र विधवा घेणारी झाली. ती हिंदुस्थानात राहते, तिचं केशवपन झालेलं असतं, आणि मासिकातल्या चित्रातून ती बॉस्टनच्या बाईकडे बघत असते.

परदेशातल्या गरिबांसाठी पैसे जमवणाऱ्या चर्चच्या बायकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सवयी दिसतात. काही जण सेवा म्हणून हात जोडतात, काही जण धर्मांतराचं आमिष म्हणून हात झटकतात. दोन्हींत डोक्याला ताण नाही. मला या कामात दोन साध्या गोष्टी तपासाव्याशा वाटतात. घेणाऱ्याचं चित्र कोण काढतं? आणि पैशांचा हिशोब कुणाच्या वहीत असतो? दान चांगलं की वाईट, हा प्रश्न या दोहोंनंतरचा.

हिशोबाच्या वहीपासून सुरुवात करतो, कारण या चळवळीचा जन्मच तिच्यावरून झाला. 1869 च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये, मुसळधार पावसात, आठ बायका जमल्या आणि त्यांनी स्त्रियांचं स्वतंत्र परदेशी मिशन मंडळ काढायचं ठरवलं. त्याच्या वर्षभर आधी काँग्रिगेशनल पंथाच्या बायकांनी आपलं 'वुमन्स बोर्ड' उभं केलं होतं. चर्चमध्ये या बायकांना मत नव्हतं आणि प्रवचनपीठ तर लांबच. पुरुषांच्या मिशन बोर्डाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की तुम्ही पैसे जरूर गोळा करा, खर्च कुठे करायचा ते आम्ही पाहू. बायकांनी नकार दिला. शेवटी तडजोड झाली. तिजोरी त्यांची स्वतंत्र राहील, पण चर्चच्या जाहीर सभेत थाळी फिरवायची नाही, म्हणजे मुख्य वर्गणीला धक्का लागणार नाही.

आता जाहीर थाळी फिरवता येत नाही तर बाई काय करणार? ती घरातल्या पैशातून, भाजीच्या आणि अंड्यांच्या हिशोबातून, नवऱ्याच्या नजरेत न भरेल इतकंच बाजूला काढणार. आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना, हे त्यांचं ब्रीद झालं. दोन सेंट म्हणजे वर्षाला एक डॉलर चार सेंट. या लहान रकमेकडे आपण नम्रतेची खूण म्हणून बघतो. मला ती बंदीतून काढलेली वाट वाटते. मोठ्या दरवाज्याला कुलूप होतं म्हणून या बायका खिडकीतून आत आल्या, आणि त्या खिडकीतून इतका पैसा आला की पुरुषांच्या बोर्डांनाही त्याची दखल घ्यावी लागली. पहिल्याच वर्षी त्यांनी इझाबेला थोबर्न आणि डॉ. क्लारा स्वेन यांना हिंदुस्थानात धाडलं. थोबर्नबाईंनी लखनौला शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. स्वेनबाईंनी बरेलीला बायकांसाठी दवाखाना उभा केला.

म्हणून या चळवळीनं सगळ्यात आधी घेणाऱ्यांना नव्हे, देणाऱ्यांना बदललं असं मी म्हणतो. सभा चालवणं, ठराव मांडणं, मासिक काढणं, जमाखर्च तपासून घेणं, परदेशी हुंडीचा भाव समजून घेणं, हे सारं त्या बायका यातून शिकल्या. मतदानाचा हक्क मिळण्याच्या पन्नास वर्षं आधी त्यांच्या हातात खजिना होता. त्यांचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. फक्त ते कुणाच्या नावावर झालं, हे विचारावं लागतं.

मेथडिस्ट बायकांच्या मासिकाचं नाव 'हीदन वुमन्स फ्रेंड' होतं, म्हणजे मूर्तिपूजक स्त्रियांची मैत्रीण. मैत्री एका बाजूनंच जाहीर झालेली, आणि मैत्रिणीचं नाव 'मूर्तिपूजक'. 1896 साली त्यांनी शीर्षकातून तो शब्द काढला, तेव्हा त्यांनाही तो खटकला असणार. पण अडचण शब्दापुरती नव्हती. दोन सेंट दर आठवड्याला यायचे तर दर महिन्याला दुःख पोचवावं लागतं. बालविधवा, जनानखाना, अंधारी खोली, दुष्काळातली हाडं. खोटं नव्हतं यातलं काही, तरी हे निवडलेलं होतं. बरेलीच्या दवाखान्याची जागा, उदाहरणार्थ, रामपूरच्या नवाबानं दिली होती. एका मुसलमान संस्थानिकानं ख्रिस्ती डॉक्टरीणबाईला बंगला आणि जमीन द्यावी, ही गोष्ट दोन सेंटांच्या गोष्टीत बसत नाही. ती बसवायची तर 'तिथलेही लोक देतात' असं कबूल करावं लागतं, आणि मग डबा थोडा हलका होतो.

आमच्याकडचं एक उदाहरण याहून जुनं आहे. सिंथिया फरार 1827 साली मुंबईत आल्या. अमेरिकन मिशन बोर्डानं परदेशी पाठवलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्री मिशनऱ्यांतल्या त्या एक. पुढे त्या अहमदनगरला गेल्या, जन्मभर मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते या फरारबाईंकडे, असं त्यांच्या चरित्रांत येतं. अमेरिकेतून आलेला पैसा अहमदनगरमार्गे पुण्याच्या भिडेवाड्यातल्या सावित्रीबाईंच्या शाळेत कोणत्या रूपानं पोचला, ते तिकडच्या देणगीदारांच्या अहवालात कधी आलं नसेल. आलं असतं तरी त्यांना ते आपलं यश वाटलं असतं का, कोण जाणे. सावित्रीबाई काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. देणाऱ्याच्या वहीत न बसणारा परिणामच पुष्कळदा सगळ्यात मोठा असतो.

पंडिता रमाबाईंकडे मात्र थांबावंच लागतं, कारण या व्यवहारात घेणाऱ्या बाजूनं उभं राहून चित्र स्वतःच्या हातानं काढणारी पहिली मराठी बाई त्या. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानाला त्या फिलाडेल्फियाला पोचल्या आणि अमेरिकेत अडीच वर्षं राहिल्या. 1887 मध्ये त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' आलं. आनंदीबाईंच्या मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. वर्षभरात हजारो प्रती गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली आणि प्रत्येक सभासदानं दहा वर्षं दरवर्षी एक डॉलर द्यायचं कबूल केलं. ही मंडळं एका चर्चची नव्हती. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन होते आणि रमाबाई विधवांसाठी काढणार ती शाळा धर्मनिरपेक्ष राहील अशी अट होती. पण सर्कल चालवणाऱ्या बायका बव्हंशी चर्चमध्येच हे काम शिकल्या होत्या.

रमाबाईंनी उच्चवर्णीय विधवेचं दुःख लिहिलं, ते मासिकांच्या पठडीतलंच होतं असा आक्षेप घेता येईल. मला तो अर्धाच पटतो. त्यांनी दुःखाबरोबर मागणीही लिहिली. आम्हांला अमुक शिक्षिका हव्यात, अमुक पुस्तकं, अमुक घर. अमेरिकन बायकांचा त्यांना आदर होता, पण दबकून त्या राहिल्या नाहीत. त्याआधी इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींशी श्रद्धेवरून त्यांनी जो पत्रव्यवहार केला, तो वाचला तर कळतं की आश्रय देणाऱ्याला विवेक विकायला ही बाई तयार नव्हती. परत आल्यावर त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं, 'युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', 1889. देणाऱ्यांचंच चित्र घेणारीनं काढलं. एवढी फिट्टंफाट आजही क्वचितच कुणी करतं.

चित्र रमाबाईंचं होतं, वही मात्र बॉस्टनची. आणि सल्ला होता मुंबई-पुण्याचा, रानडे-भांडारकरांसारख्यांचा. 11 मार्च 1889 ला मुंबईत ती शाळा, शारदासदन, सुरू झाली, पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. तिघांच्या अपेक्षा तीन होत्या. बॉस्टनच्या उदार मंडळींना शाळा निधर्मी हवी होती, पुण्याला ती हिंदू रीतीला हात न लावणारी हवी होती, आणि अमेरिकेतल्या कडव्या ख्रिस्ती वाचकांना दोन आत्मे वाचल्याची बातमी हवी होती. न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकानं ती दिली. सदनातल्या काही विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, असं त्यात छापून आलं. तो अंक फिरत फिरत पुण्याला पोचला आणि 'केसरी'च्या हाती लागला. देणाऱ्यांसाठी काढलेलं चित्र घेणाऱ्यांच्या गावात उघडं पडलं. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले आणि पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

'केसरी'कार टिळकांची धर्मांतराबद्दलची तक्रार निराधार नव्हती. रमाबाई आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. बळजबरी नव्हती, पण ज्या छपराखाली जेवण मिळतं तिथलं उघडं दारही बोलत असतं. एवढं मान्य केल्यावर मला पुण्याला उलट प्रश्न विचारावासा वाटतो. बॉस्टनची बाई आपल्या फळीवर पुण्याच्या विधवेसाठी डबा ठेवते, तर सदाशिव पेठेतल्या फळीवर तो का नव्हता? आमच्या अण्णा-भाऊंनी सल्ला दिला, राजीनामे दिले, अग्रलेख लिहिले. वही हातात घ्यायची तर आधी पैसे द्यावे लागतात.

तिकडे ब्रुकलिनमध्ये याच सुमारास दुसरा वाद पेटला होता. विवेकानंद हिंदू विधवांविषयी जे सांगत होते त्यावर तिथल्या रमाबाई सर्कलच्या बायका खवळल्या. ज्या दुःखासाठी आम्ही डॉलर देतो ते दुःख तितकं नाहीच, असं हा संन्यासी म्हणतो, म्हणजे काय? पत्रं छापून आली, उत्तरं आली. 1895 च्या फेब्रुवारीत विवेकानंदांनी तिथेच एक व्याख्यान दिलं आणि त्याचं उत्पन्न बंगालमध्ये शशिपद बॅनर्जी चालवत असलेल्या विधवाश्रमाला देण्याचं जाहीर केलं. एकाच गावात, हिंदुस्थानच्या विधवेची दोन चित्रं समोरासमोर, आणि दोन्हींपुढे पैशाची थाळी. या भांडणात एकाही विधवेला कुणी बोलावलं नव्हतं.

रमाबाईंचं पुढचं वळण माहितीचं आहे. 1896 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला 'मुक्ती मिशन' उभं राहिलं. 1898 ला दहा वर्षांचा करार संपला आणि जुनी असोसिएशन बंद होऊन नवी आली. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, आणि तिथल्या बायकांनी खिळे जुळवून रमाबाईंनी भाषांतरित केलेलं बायबल छापलं. पैसा परदेशातूनही येतच राहिला, पण वही आता केडगावात होती. त्याची किंमत म्हणून पुण्याशी दुरावा आला. या दुराव्यात पुण्याचाही वाटा होता, हे आपण अजून मोकळेपणानं म्हणत नाही.

पुण्याच्या फळीवर डबा का नव्हता, या मघाच्या प्रश्नाचं उत्तर पुण्याहूनच आलं, जरा उशिरा. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिनं 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तोच पुढे हिंगण्याला गेला. बॉस्टनच्या डॉलरचा एक धागा असा हिंगण्यापर्यंत येतो. पण हिंगण्यानं पैसा मागायची वेगळी रीत बसवली. 'भाऊबीज फंड' हे नावच पाहा. भाऊबिजेची ओवाळणी दया म्हणून घातली जात नाही. ती बहिणीच्या हक्काची असते, कमी पडली तर ती तोंडावर सांगते. दुःखाचं चित्र न दाखवता नात्याची आठवण देऊन पैसे मागायचे, ही युक्ती मला त्या काळातल्या सगळ्या मिशन-मासिकांपेक्षा शहाणपणाची वाटते. तिलाही मर्यादा होतीच. ओवाळणी आपल्या बहिणीला घालतात, आणि 'आपली' कोण हे त्या काळच्या हिंगण्यात जातीनं ठरलेलं होतं. बॉस्टनच्या बाईला सात समुद्रांपलीकडची परकी बाई दिसली, आम्हांला वेशीबाहेरची दिसली नाही.

अमेरिकेतल्या बायकांच्या वहीचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची मंडळं इतकी मोठी झाली की आशियातल्या सात स्त्री-महाविद्यालयांसाठी 1923 पर्यंत त्यांनी वीस लाख डॉलर उभे केले. रॉकफेलर घराण्याच्या निधीनं त्यावर दहा लाखांची भर घातली. वेल्लोरचं मेडिकल कॉलेज त्या सातांतलं एक. आणि नेमक्या त्याच दशकात 'कारभार सुटसुटीत करू' म्हणत पुरुषांच्या बोर्डांनी ही मंडळं पोटात घेतली. प्रेस्बिटेरियन बायकांचं 1923 मध्ये गेलं, काँग्रिगेशनल बायकांचं 1927 मध्ये. समित्यांवर त्यांना काही जागा मिळाल्या, तिजोरी गेली. घेणाऱ्या बाईचं चित्र दाखवून त्यांनी जे बळ कमावलं होतं ते एका ठरावानं विरघळलं. घेणारीला वही क्वचितच मिळाली होती, आता देणारीचीही गेली.

या रचनेला मुळापासून हात घातला तो एका भारतीय बाईनं. 1956 साली शांती सॉलोमन प्रेस्बिटेरियन स्त्रियांच्या एका गटाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर होत्या. कोरियाचा व्हिसा त्यांना नाकारला गेला. बाकीच्या पुढे गेल्या, त्या फिलिपीन्समध्ये मागे राहिल्या. युद्ध आणि सीमा बायकांना असं तोडत असतील तर प्रार्थनेला तरी व्हिसा लागत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यातून 'फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन' निघाली. नियम एकच. प्रार्थना करताना प्रत्येकीनं आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवायचं. अमेरिकेच्या बाईनं सेंट, आपल्या बाईनं पैसा. जास्त द्यायची मुभा नाही.

या नियमाचं मला फार अप्रूप वाटतं. दानाच्या इतिहासात जास्तीत जास्त द्या असंच सगळे सांगत आले. शांतीबाईंनी वरची मर्यादा घातली. श्रीमंत बाईला मोठेपणा मिळवायला जागाच ठेवली नाही. सगळ्या देशांच्या बायका देणाऱ्या झाल्या, म्हणजे घेणारीचं वेगळं चित्र काढायची गरज संपली. दोन टोल्या टाकणारी विधवा पुन्हा भांडारापाशी आली. अडचण आता वेगळीच आहे. सर्वांत लहान नाणंच उरलेलं नाही. आपल्याकडे पंचवीस पैसे 2011 मध्ये बंद झाले, पन्नास पैसे कायद्यानं चालतात पण दुकानदार घेत नाही, आणि 2025 च्या नोव्हेंबरात अमेरिकेनंही सेंट पाडणं थांबवलं. फोनवरून पैसे पाठवणाऱ्या हाताला लहान रक्कम जड वाटते ती लाजेनं.

मिझोरामच्या बायकांनी नाण्याचा प्रश्न आधीच सोडवला होता. 1910 पासून तिथल्या प्रेस्बिटेरियन बायका रांधायला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी काढतात. 'बुहफाइ थाम' म्हणतात त्याला. मुठी गोळा होतात, विकल्या जातात, आणि आज त्यातून कोट्यवधी रुपये उभे राहतात. एकेकाळी वेल्सच्या मिशनकडून घेणारं हे चर्च आता स्वतः बाहेर मिशनरी पाठवतं. मूठभर तांदळाला माझा नमस्कार आहे. तरी एक शंका राहतेच. वेल्सच्या चर्चमध्ये एकेकाळी मिझोंचं जे चित्र लावलं गेलं, तसंच आता ऐझॉलच्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणाचं लागत असेल तर? घेणारा देणारा झाला की वही मिळते, पण चित्र काढायची खोड आपोआप जात नाही.

ब्रिटनच्या 'मदर्स युनियन'मध्ये वेगळ्या दिशेनं बदल झाला. मेरी समनर यांनी 1876 मध्ये हॅम्पशरच्या एका खेड्यातल्या आयांसाठी काढलेली ही संस्था आज ऐंशीहून जास्त देशांत आहे, सभासद चाळीस लाख, आणि त्यांतल्या बहुसंख्य आफ्रिकेत. 2019 मध्ये गयानाच्या शेरन हार्पर तिच्या जागतिक अध्यक्ष झाल्या. कचेरी लंडनमध्येच आहे.

आपल्याकडे तर वहीला तिसरा धनी आला. परदेशी देणग्यांचा कायदा आणीबाणीत, 1976 मध्ये झाला, 2010 मध्ये नवा आला. 2020 च्या दुरुस्तीनंतर बाहेरून येणारा प्रत्येक रुपया आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरतो, आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे देता येत नाही. हिशोब मागायला माझी ना नाही, 1893 च्या पुण्यानंही तोच मागितला होता. पण मोठ्या संस्थेला सनदी लेखापाल परवडतो. तालुक्याच्या गावातल्या दहा-बारा बायकांच्या मंडळाला मोठ्या संस्थेकडून झिरपत येणारा पैसाच तेवढा मिळायचा, तो थांबला. वही कुणाच्या हातात, या जुन्या भांडणात पुन्हा सगळ्यात लहान हात रिकामा राहिला.

आणि पार्वतीबाई आठवले. कोकणातली विधवा, गोदूबाईंची धाकटी बहीण. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी मागणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मागण्यात त्या इतक्या तयार झाल्या की 1918 मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी यावं म्हणून एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे पोट भरायला लोकांच्या घरी कामाला राहिल्या. भांडी घासली, झाडलोट केली, जमेल तसं आश्रमासाठीही पैसे जमवले. पुढे 'माझी कहाणी' लिहिली. त्या ज्या घरांत राबल्या, त्यांतल्या एखाद्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पुठ्ठ्याचा तो छोटा डबा असेलही, हिंदुस्थानच्या विधवेसाठी ठेवलेला. फडक्यानं धूळ पुसताना पार्वतीबाईंनी तो उचलून पुन्हा जागेवर ठेवला असेल.